'गमत नाही' हे मराठी की गुजराती?

सूरसागरकाठी
दोन वर्षं मलावीतल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवत होते. मार्चमध्ये बडोद्याला परतले. अशा परतणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आता चार पानांचं मराठी पत्रक लिहितेय. त्यात लिहिलं होतं, 'पहिले काही महिने मुलीला घरी गमत नाही, तिच्यामागे लागू नका.' पुण्याहून तपासून आलं तर 'गमत'वर लाल रेघ, समासात 'गुजराती!', आणि त्याजागी 'पुनर्समायोजनात अडचण येते'. माझी आजी दांडिया बाजारात जन्मली आणि जन्मभर 'गमत नाही' म्हणाली. ती काय गुजराती बोलत होती?

शुद्धमती
नकळत, हो. गुजरातीत 'गमतुं नथी' म्हणजे आवडत नाही. बडोद्याच्या मराठीत असं पुष्कळ शिरलंय. सरळ 'करमत नाही' लिहा.

वऱ्हाडी ठेचा
काहून? आमच्या अमरावतीत 'मले गमत नाही' रोज म्हनतात. तिथं कोन गुजराती शिकवाले आलं होतं? संस्कृत गम्, जाणे. वेळ जात नाही म्हून गमत नाही. झालं.

शुद्धमती
मग जुन्या कवितेतलं 'मज गमे', म्हणजे 'मला वाटते', ते कुठे बसवणार? धातू एक असला म्हणून अर्थ एक होत नाही.

दप्तरदार
'पुनर्समायोजन' तरी कुठे शुद्ध आहे? पुढे स आला की तिथे र् येत नाही, पुनःसमायोजन हवं. पुनर्जन्म, पुनर्विवाह वेगळे. दुसऱ्याला लाल रेघ मारणाऱ्याने आपला संधी तपासावा! बाकी, बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु. गुजराती-मराठी एका पानावर शेजारी. तिथे या शेजाऱ्यांत उसनवारी व्हायचीच.

सूरसागरकाठी
काका, कोश राहू द्या. मलावीत हातपंपावर रांग असायची, गावच्या सगळ्या बातम्या तिथेच कळायच्या. इथे नळ सोडला की पाणी, आणि बोलायला कुणी नाही. परवा आईने हौसेने सेव उसळ आणली. मला मक्याच्या पिठाचा न्सिमा आठवला आणि एकदम रडूच आलं. आई म्हणाली, "दोन वर्षांत घर परकं झालं का गं?" तिला समायोजन सांगू? आणि 'करमत नाही' तर मी मलावीतून फोनवर म्हणायचे, घरच्या आठवणीने. स्वतःच्या घरात बसून तेच म्हटलं की आईला लागतं. 'गमत नाही' म्हटलं की विचारते, "चहा टाकू?"

थोडक्यात
अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये (स्थापना १९६१) परतणाऱ्या स्वयंसेवकाला काही रक्कम मिळायची, नाव 'रीअ‍ॅडजस्टमेंट अलाउन्स'. म्हणजे प्रकार जुना आहे, पैसे मोजण्याइतका खरा आहे. मराठीत करा: रुळभत्ता. 'अजून रुळली नाही' यात काय वाईट?

शुद्धमती
'रुळणे' नवीन जागी. आपल्याच घरी कोण रुळतं? सुनेला म्हणतात ते.

सूरसागरकाठी
सुनेसारखंच वाटतंय, खरं सांगायचं तर.

मांडवीचा मुलगा
रुळणे म्हणजे रुळावर येणे ना? रेल्वेमुळे आलेला शब्द.

दप्तरदार
अहो, केस खांद्यावर रुळतात, माळ गळ्यात रुळते, त्यात आगगाडी कुठे आली? मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची. त्याआधी वाटा रुळत नव्हत्या?

मांडवीचा मुलगा
गाडीवरून आठवलं. आपल्या गायकवाडांची डभोई-मियागाम छोटी लाईन १८६२ ची, आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे! आजोबा हे सांगताना खुर्चीतून उठायचे.

वऱ्हाडी ठेचा
बैलाले गमत होतं का, थे सांगा.

सूरसागरकाठी
पत्रक शुक्रवारी छपाईला जातंय. 'गमत' ठेवू की काढू?

दप्तरदार
नुसतं मियागाम नव्हे, स्टेशन मियागाम-करजण.