शब्दचर्चा : ‘नदीचं मूळ, ऋषीचं कूळ’ आणि वस्तुनिष्ठ नीती

प्रश्न (राजारामपुरी) : मित्रांत वाद झाला. एकजण म्हणाला, नीती उत्क्रांतीतून आली, तेव्हा ‘वस्तुनिष्ठ’ नैतिक सत्य वगैरे काही नसतं. दुसऱ्यानं ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये’ म्हणत त्याला गप्प केलं. ही म्हण इथे बसते का? आणि वस्तुनिष्ठ म्हणजे नेमकं काय? मला तर स्पर्धा परीक्षेचे चार पर्यायच आठवतात.

उत्तर (शिवाजी पेठ) : परीक्षेतला अर्थ फार लांबचा नाही. तपासणारा कुणीही असो, उत्तर बदलत नाही. नीतीत वस्तुनिष्ठ म्हणजे कुणाला काय वाटतं यावर न ठरणारं. ‘सार्वत्रिक’ वेगळं. गुलामी उद्या साऱ्या जगाला पटली, तर ती सार्वत्रिक मान्यता होईल. तरीही ‘जग चुकतंय’ म्हणायची सोय फक्त ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दात आहे. ‘निरपेक्ष’, म्हणजे प्रसंग कुठलाही असो न बदलणारं, हे तिसरंच. खोटं बोलणं प्रसंगानुसार योग्य किंवा अयोग्य ठरेल, पण त्या प्रसंगातलं उत्तर वस्तुनिष्ठ असू शकतं. लोक तिन्ही शब्द एकाच मापानं वापरतात आणि निम्मं भांडण तिथंच लागतं.

म्हण अर्धीच बसते. उगम कळला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, एवढं खरं. पण ‘तुला हे कसं कळलं?’ असा प्रश्न असेल तर मूळ विचारावंच लागतं. डार्विननं १८७१ मध्ये लिहिलं की माणसं मधमाश्यांसारखी वाढली असती, तर अविवाहित स्त्रियांना भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं. तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये हाच पेच घट्ट आवळला : नैसर्गिक निवड झाली ती तगण्यासाठी, सत्य ओळखण्यासाठी नव्हे, मग आपली मतं नेमकी सत्यावरच येऊन पडली, हा योगायोग कसा मानायचा?

उत्तर (उत्तरेश्वर पेठ) : म्हण ऱ्हाऊ द्या, आपल्याच कोल्हापूरच्या पंचगंगेचं मूळ बघा की. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती दिसत्यात. पाचवी सरस्वती गुप्त. पाण्याचा हिशोब चारीत लागतोय तर पाचवी कशाला? लेकराची माया, देण्याघेण्याचा व्यवहार, कळपाची भीती, एवढ्यात नीती उलगडती. वरनं ‘सत्य’ कशाला पायजे?

उत्तर (शिवाजी पेठ) : फर्मास! फक्त एक धरून ठेवा : चार नद्या सरस्वतीला खोटं पाडत नाहीत, ती मानायचं कारण तेवढं काढून घेतात. ‘नैतिक सत्य नाही’ आणि ‘ते आहे म्हणायला आधार नाही’ ही दोन विधानं आहेत.

आता हिशोब खरंच चारीत लागतो का? रक्ताच्या नात्यातला त्याग जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं १९६४ मध्ये उलगडला, परतफेडीचा व्यवहार ट्रिव्हर्सनं १९७१ मध्ये. पण शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा घ्यायला जात, ते कुठल्या खात्यात टाकणार? ना नातं, ना परतफेड, उलट आपल्याच माणसांचा रोष. इथं विचार निवडीच्या ओढीला तोडून पुढे गेलेला दिसतो. मोजायची बुद्धीही उत्क्रांतीनंच दिली. पण तेवढ्यानं मूळ संख्या आपल्या मनाचा खेळ ठरत नाहीत, तसंच नीतीचं.

उत्तर (प्रतिभानगर) : गणिताची साक्ष इथे चालेल असं वाटत नाही. मोजणीत चूक झाली तर वाघ उरतो आणि आपण जातो, म्हणजे तिथं खरं उत्तर येणं हेच तगण्याचं कारण. नीतीत तसं दाखवा. आणि महाराजांनी विचार केला तो ‘अपमानाचं दुःख वाईट’ इथून सुरू करूनच ना? ती सुरुवात कुणी दिली?

उत्तर (शिवाजी पेठ) : वाघाचा मुद्दा मान्य, तिथं माझी साक्ष लंगडीच पडते. सुरुवातीचं मात्र पटत नाही. दुःख वाईट हे मला अंगावर घेतल्यावर कळतं. त्यासाठी पूर्वजांच्या शिफारशीची गरज नाही. दुसऱ्याचं दुःखही तितकंच वाईट, ही पुढची पायरी विचाराची. स्ट्रीट यांना ती पुरणार नाही, मला पुरते. माझ्या मते आक्षेपाचा खरा मार ‘आपला तो बाब्या’ छापाच्या नीतीला बसतो, आणि बसू दे.

जाता जाता ‘उत्क्रांती’बद्दल. त्यातल्या ‘उत्’मुळे वर चढल्याचा भास होतो आणि ‘आमची नीती अधिक उत्क्रांत’ अशी वाक्यं सुचतात. डार्विनच्या निवडीत वरची पायरी ठरलेली नाही. ब्रह्मसूत्रात तर हा शब्द जीव देह सोडून जातो त्यासाठी आलाय. ‘उत्क्रांत नीती’ लिहायचंच असेल तर ‘बदलत आलेली’ लिहा.