आधी डेटा कोण खातंय ते शोधा
ब्राउझर बंद असतानाही डेटा संपतोय म्हणून थेट विंडोज नव्याने टाका, असा सल्ला इथे दिला गेलाय, तो मला पटला नाही. विंडोजमध्येच असलेल्या रिसोर्स मॉनिटर या साधनातला नेटवर्क टॅब उघडा. कोणता प्रोग्रॅम किती पाठवतोय आणि किती घेतोय, हे तिथे वेगवेगळं दिसतं. पाठवण्याचा आकडा मोठा असेल तर क्लाउड बॅकअप (फाइल्सच्या प्रती इंटरनेटवर साठवणं) तपासा, आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनही. विंडोज १० पासूनची ही सोय तुमच्याकडे उतरलेले अपडेट इतरांच्या संगणकांना पुरवू शकते. सेटिंग्जमधून बंद करता येते. यादीत 'एसव्हीसीहोस्ट' (svchost.exe) हा प्रोग्रॅम दिसला तर घाबरून ते मारू नका, त्याआड विंडोजच्याच अनेक सेवा चालतात. त्याचा पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक) टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये जुळवा, नेमकी सेवा कळेल. मोबाइल हॉटस्पॉट वापरत असाल तर कनेक्शन 'मीटर्ड' (म्हणजे मर्यादित डेटाचं) कराच.