सेवानिवृत्तीनंतरची सेवा : आपापले अनुभव सांगा

नोकरीतून निवृत्त होण्याची तारीख आधीपासून ठरलेली असते, ख्रिस्ताच्या पाचारणाला मात्र तशी तारीख नाही, असे आपण उपासनेत पुष्कळदा ऐकतो. ऐकायला ते बरे वाटते. पण गुडघे कुरकुरू लागतात, मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, जबाबदाऱ्या तरुणांकडे जातात, मुले आपापल्या संसारात रमतात, आणि उरलेल्या दिवसांत प्रत्यक्ष करायचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्याआधीची कित्येक वर्षे त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात गढून गेल्या होत्या. ही मोठी माणसे झाली. तुम्ही काय करता, कोणाशी विश्वासाविषयी कसे बोलता आणि कोठे अडता, ते कृपया सविस्तर लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

निवृत्त परिचारिका

नोकरीत असताना रुग्णाशी श्रद्धेविषयी बोलायचे नाही, हा नियम मी कसोशीने पाळला आणि तो मला आजही योग्य वाटतो, कारण खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. आता मी मंडळीच्या वतीने आजाऱ्यांना भेटते, तेव्हाही हेच ध्यानात ठेवते. “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” एवढे विचारते, आणि “नको” म्हटले तर पुन्हा विचारत नाही. एका गृहस्थांनी मला पहिल्याच भेटीत असे साफ सांगितले होते. ठीक आहे म्हणून मी त्यांची नखे कापून दिली, कारण ती वाढून पांघरुणात अडकत होती आणि त्यांचा हात थरथरत असल्यामुळे ते काम त्यांना जमत नव्हते. पुढे नखे कापणे हे आमचे ठरलेलेच काम झाले. एकदा माझे काम चालू असताना ते आपण होऊन म्हणाले, “बाई, तुम्ही मनातल्या मनात प्रार्थना करता ना? मग मोठ्यानेच करा, मलाही कळू द्या काय मागता ते.” मी दोनतीन वाक्यांची प्रार्थना केली. ते ‘आमेन’ म्हणाले नाहीत, पण पुढच्या भेटीत त्यांनी विचारले, “आज नाही का?” त्यांनी विश्वास धरला की नाही, हे मी सांगू शकत नाही, ते त्यांचे आणि प्रभूचे आहे.

मंडळीचा माजी खजिनदार

बायबलमधील गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांविषयी, म्हणजे दर्शनमंडपात (उपासनेच्या तंबूत) सेवा करणाऱ्या वंशाविषयी, एक नियम आहे, ज्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. वयाच्या पन्नासाव्या वर्षी लेव्याने सेवेच्या कामातून निवृत्त व्हावे, मात्र दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांना मदत करावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे खांद्यावरचा भार उतरतो, पण माणूस मंडपाबाहेर जात नाही. हिशेबाच्या वह्या मी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान असलेल्या मंडळीतील एका बहिणीकडे सोपवल्या, तेव्हा हा नियम मला फार उपयोगी पडला. ती सगळे संगणकावर करते, माझ्या रकान्यांची तिला गरज नाही, आणि ती विचारील तेव्हाच बोलायचे, असे मी स्वतःला बजावले आहे. आमच्या पिढीला ही शिस्त अवघड जाते, हे येथील अनेकांना पटेल.

तीन नातवंडांचे आजोबा

माझी मुलगी आता उपासनेला जात नाही. आमचा वाद झालेला नाही, तिचे मन उडाले आहे. तिच्या मुलांना मी बायबलमधील गोष्टी सांगाव्यात का, असे मी तिलाच विचारले, कारण तिच्या पाठीमागे मुलांना काही शिकवणे म्हणजे घरात चोरवाट काढणे, असे मला वाटते. ती म्हणाली, “बाबा, गोष्टी सांगा, पण त्यांना घाबरवू नका.” अट रास्त होती. लोईस आजीचा विश्वास आई युनीकेत आणि मग मुलगा तीमथ्यात उतरला, असे प्रेषित पौल बायबलमध्ये लिहितो. आमच्याकडे मधला दुवा सध्या निखळलेला आहे आणि त्याचे दुःख मी लपवत नाही. मधल्या नातवाने एकदा विचारले, “आजोबा, तुम्ही मेल्यावर खरंच प्रभूकडे जाणार? मग तुम्ही औषधं का घेता?” मी म्हणालो, “बोलावतील तेव्हा जाईन. तोवर तुझ्याबरोबर खेळायला अंगात ताकद नको का?” त्याचे समाधान झाले. दारापलीकडे मुलगी उभी होती, आणि नंतर ती माझ्याशी मरणाविषयी बोलली, जे तिच्या आईच्या निधनानंतर आम्ही कधीच बोललो नव्हतो. तशा संभाषणात मी तिला उपासनेला ये असे म्हणालो नाही, कारण तिने ते विचारलेच नव्हते.

संधिवाताने घरी बसलेली

“मी आता फक्त प्रार्थनाच करू शकते,” हे वाक्य माझ्यासारख्या बायका फार बोलतात आणि त्यातील ‘फक्त’ मला खटकते. लूकच्या शुभवर्तमानातील ८४ वर्षांची हन्ना उपास व प्रार्थना करत मंदिरातच असे, पण बाळ येशूला पाहताच ती लोकांना त्याच्याविषयी सांगूही लागली, हे आपण विसरतो. माझ्याकडे मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेची वही आहे. नावे पेन्सिलीने लिहिते, कारण माणसांची संकटे बदलत राहतात. ज्यांच्यासाठी प्रार्थना करते त्यांना जमेल तसा फोन करून “आता कसे आहे?” असे विचारते, आणि खरे सांगायचे तर अर्धी सेवा त्या फोनमध्येच होते. काही रात्री दुखणे इतके असते की शब्द सुचत नाहीत. तेव्हा म्हातारपणी मला टाकू नकोस, अशी विनवणी करणारे एकाहत्तरावे स्तोत्र मोबाइलवर ऐकते आणि वही मिटलेलीच राहते.

एक विधुर

थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक वृद्धाने काहीतरी केलेच पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. बायबलमधील दुसरे शमुवेल या पुस्तकात ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय दावीद राजाचे निमंत्रण आदराने नाकारतो, जेवणाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही असे मोकळेपणाने सांगतो, आणि आपल्याऐवजी किम्हाम नावाच्या माणसाला पाठवतो. मीही समित्या नाकारल्या. माझ्या जागी कोणाला घ्यावे, ते मात्र आठवणीने सुचवले.

पत्नीची शुश्रूषा करणारा

माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. ती माझे नाव विसरते, पण लहानपणी पाठ केलेल्या उपासनागीतांची कडवी शेवटपर्यंत म्हणते, म्हणून संध्याकाळी आम्ही गातो. तिला सांभाळायला येणाऱ्या ताई दुसऱ्या धर्माच्या आहेत. त्यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगा, असे मंडळीतील काही बंधूंनी मला सुचवले. मी नकार दिला, कारण त्यांचा पगार मी देतो आणि पगार देणाऱ्याचे बोलणे थांबवणे कोणालाही सोपे नसते. आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असा, असे प्रेषित पेत्र बायबलमधील आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो. तेथे विचारणारा आधी आहे. अलीकडे ताईंनी विचारले, “काका, बाईंना तुम्ही कोण हेही कळत नाही, तरी तुम्ही चिडत कसे नाही?” मी चिडतो, हे मी प्रथम सांगितले, आणि मग कोणाकडे क्षमा मागतो तेही सांगितले. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर मला देता आले. दुसरा, असा आजार देव का येऊ देतो हा, मी मंडळीच्या पाळकांपुढे (धर्मगुरूंपुढे) ठेवला आहे आणि त्यांचे उत्तर आले की ताईंनाही सांगणार आहे.