सल्ला हवा: आई-बाबांना इंग्लंडमधलं हॉटेल झालेलं जुनं सरदारी घर दाखवायचंय

स्लाउकर:
नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच पुण्याहून येतायत. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. विंडसर बघूच, पण त्यांना सरदारांची घरं बघायचीत, आणि पुढे त्या घरांचं काय झालं तेही. स्लाउहून एका दिवसात होईल असं काही? राहणं परवडणार नाही. आईचे गुडघे दुखतात.

थेम्सकाठ:
क्लिव्हडन! तुमच्या अगदी जवळ, टॅपलोच्या पुढे, थेम्सच्या वर उंचावर. मी दरवर्षी जाते.

पहिलं घर बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकने १६६६ च्या सुमारास बांधायला घेतलं. ते १७९५ मध्ये जळालं. त्याच जागी बांधलेलं दुसरं १८४९ मध्ये जळालं. आजचं घर १८५१ चं, सदरलँडच्या ड्यूकसाठी चार्ल्स बॅरीने बांधलेलं. लंडनची पार्लमेंटची इमारतही त्याचीच. पण घराखालची कमानींची लांबलचक टेरेस सतराव्या शतकातली, दोन्ही आगींतून वाचलेली. बाबांना आधी हिरवळीवर न्या आणि मागे वळून ती टेरेस बघायला सांगा, मग वरचं घर.

१८९३ मध्ये ते विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर या अमेरिकन धनाढ्याने घेतलं. रोमच्या व्हिला बोर्गेझेचा दगडी कठडा त्यानेच इथे आणून बसवला. २००४ मध्ये त्या कठड्यावर इवल्याशा गोगलगायी सापडल्या, जात इटलीकडची. दगडाबरोबर आल्या आणि शंभर वर्षं तिथेच नांदल्या. मला हे घर आठवलं की आधी त्या गोगलगायीच आठवतात.

त्याची सून नॅन्सी अ‍ॅस्टर, कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या खालच्या सभागृहात, प्रत्यक्ष जाऊन बसलेली पहिली स्त्री खासदार (१९१९). १९४२ मध्ये कुटुंबाने घर नॅशनल ट्रस्टला (जुनी घरं आणि बागा जपणारी संस्था) दिलं, पण राहत तिथेच होते. ते गेल्यावर १९६९ ते १९८३ तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी होते, त्यानंतर हॉटेल. मालकी आजही ट्रस्टचीच, म्हणून बाग तिकीट काढून कुणालाही बघता येते.

रेडिंगची नर्स:
अनुमोदन. एक भर घालते. पहिल्या महायुद्धात इथे कॅनेडियन रेडक्रॉसचं इस्पितळ होतं. तिथे दगावलेल्यांसाठी बागेत खोलगट जागी छोटी दफनभूमी आहे, ४२ थडगी. दगड उभे नाहीत, गवतात आडवे बसवलेत, नावं वाकून वाचावी लागतात. मी स्वतः वॉर्डात काम करते, तिथून लवकर पाय निघत नाही. कृपया चुकवू नका.

स्लाउकर:
दोघींचे मनापासून आभार. घर आतून बघता येतं का? आणि गुडघ्यांचं काय?

थेम्सकाठ:
आतल्या मोजक्याच खोल्या ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेला दाखवतात. निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या. हॉटेलात दुपारचा चहा घेता येतो, पण आधी बुकिंग हवं आणि खर्चिक आहे. त्यापेक्षा डबा न्या, हिरवळीवर बसून खा.

नदीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत, आईंना तिकडे नेऊ नका. टेरेसवरून थेम्स दिसते. त्यांना वर बाकावर बसवा आणि बाबांना घेऊन दफनभूमीकडे जाऊन या. लोकल टॅपलोला थांबते, पण पुढे टॅक्सी करावी लागेल. गाडी असेल तर गाडीच बरी.

स्लाउकर:
ठरलं. पोळी-भाजी घेऊन जातोय. बाबांना गोगलगायींचं आत्ताच फोनवर सांगितलं, भिंग बॅगेत टाकलंय म्हणाले.