वह्या जुळल्या, पण लाइट बिल?

ऑडिटबद्दलचं 'टॅली (हिशेब) जुळली की काम संपलं, कल्पकता जाहिरातवाल्यांना लागते' हे मत मला निम्मंच पटलं. आकडे लिहिताना कल्पकता नकोच (ती दाखवणारे नंतर वकील शोधतात), पण तपासताना हवीच.

धरणगावकडच्या एका जिनिंगचं (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीचं) स्टॉक ऑडिट, म्हणजे मालसाठ्याची तपासणी, करत होतो. वह्या चोख. कापसातून रुई साधारण ३४ टक्के निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे ५०० क्विंटल कापसाला १७० किलोच्या शंभरेक गाठी. इथे एका महिन्यात रुईचा उतारा एकदम ३१ टक्क्यांवर घसरलेला. मालक म्हणाले, "भाऊ, कापूस ओला होता." असेलही. पण मी लाइट बिल मागवलं. गाठी बनवून वहीत लपवल्या असत्या तर वहीतल्या गाठींच्या मानाने युनिट जास्त दिसले असते. ते दर गाठीमागे नेहमीइतकेच होते. म्हणजे गाठी खऱ्या, कापसाची खरेदीच वहीत फुगवलेली असावी. मग काटा पावत्या (कापसाच्या वजनाच्या) तारखेने नाही, ट्रॅक्टरच्या नंबराने लावल्या. एकच ट्रॅक्टर वीस मिनिटांत दोनदा भरून आलेला, वजनही किलोला किलो तेच! सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं, पावती नंबर वेगळे होते ना. मुनीमजींनी घाईघाईने चहा मागवला.