चाळीस हजार ओळींचं सी रस्टमध्ये पुन्हा लिहावं का?

कंट्रोलरवाला_चिंचवड
सोळा वर्षं शेतीपंपांच्या कंट्रोलरसाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहितोय. गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची मोटर रात्रभर कोरडी चालून जळाली. अकरा दिवसांनी चूक सापडली, ती माझीच. मेसेजसाठी मेमरीत ३२ बाइटची जागा (बफर) ठेवली होती, आले ४१. जास्तीचे बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर सांडले आणि ‘विहिरीत पाणी नाही’ ही खूण (फ्लॅग) पुसली गेली. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनं साधी वॉर्निंगही दिली नव्हती. त्या माणसासमोर उभं राहणं फार जड गेलं. आता टीममधली मुलं म्हणतात, सगळं रस्टमध्ये, म्हणजे अशा मेमरीच्या चुका अडवणाऱ्या भाषेत, लिहू. काय करावं?

सर्व्हरवाली
दादा, २०१४ ची हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी याच जातीची. समोरच्यानं सांगितलेली लांबी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरनं तपासली नाही, आणि एकेका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती. रस्टमध्ये ॲरेच्या हद्दीबाहेर गेलात की प्रोग्राम पॅनिक होऊन तिथेच थांबतो. पण तुमच्या बोर्डावर नुसतं थांबून भागणार नाही. आधी रिले, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, पाडायला हवा, आणि ते करणारा पॅनिक हँडलर (पॅनिक झाल्यावर चालणारं कोड) तुम्हालाच लिहावा लागेल.

जुना_कोडकरी
सगळं पुन्हा लिहू नका, कळकळीनं सांगतो. अँड्रॉइडमध्ये मेमरीच्या चुकांमुळे येणाऱ्या सुरक्षा-त्रुटींचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, २०२४ मध्ये २४ वर आलं. जुनं सी बहुतेक तसंच ठेवून, नवं कोड सुरक्षित भाषांत लिहून हे साधलं. अशा चुका नव्या कोडमध्येच जास्त असतात. जुनं कोड वापरात घासून निघालेलं असतं.

विमानविद्या
एक राहिलं. १९९६ मध्ये युरोपचं पहिलं आरिआन ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. भाषा होती आडा, सुरक्षिततेसाठीच नावाजलेली. आधीच्या आरिआन ४ रॉकेटमधलं कोड तसंच उचललं होतं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि त्या ठिकाणी तपासणी मुद्दाम वगळली होती. मेसेज किती लांब येऊ शकतो, हे आधी कागदावर लिहून काढा.

कंट्रोलरवाला_चिंचवड
मनापासून आभार. मेसेज वाचणारी फाइल नऊशे ओळींची आहे, बाहेरचं सगळं तिथूनच आत येतं. तेवढीच रस्टमध्ये घेतो. कमाल लांबी ठरवून, तिच्यापुढचा मेसेज सरळ टाकून देणार. एसटीएम३२ या कंट्रोलरच्या चिपवर सी आणि रस्टचं कोड एकत्र जोडून (लिंक करून) चालवलेलं कुणी आहे का? पॅनिक हँडलरमधून रिले कसा पाडलात, तेवढं सांगा.