मदत हवी आहे: संत्र्याच्या आडतीचं सॉफ्टवेअर, विंडोज ७, टूलकिट कोणतं घेऊ?

राम राम मंडळी, नागपूरहून लिहून राहिलोय. कळमना मार्केटमध्ये काकांची संत्र्याची आडत आहे, त्यांच्यासाठी शेतकऱ्याची पट्टी बनवायचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहायला घेतलंय. हिशेब सोपा आहे, माल, भाव, त्यातून हमाली तोलाई भाडं वजा. अडलंय ते स्क्रीनवर, म्हणजे खिडक्या, खाने, बटणं दाखवणारं टूलकिट कोणतं घ्यायचं यावर.

गाळ्यावरचा पीसी विंडोज ७ वाला, रॅम २ जीबी, आणि काका म्हणतात आंबिया बहार निघेपर्यंत मशीन बदलायची नाही, त्यांचंही बरोबरच आहे, ऐन सीझनमध्ये ते बंद पडलं तर पट्ट्या कोण लिहिणार. म्हणून इलेक्ट्रॉन (वेबपेजसारखं ॲप बनवायचं टूलकिट) बाद, आवृत्ती २३ पासून ते विंडोज ७ वर चालतच नाही आणि एका पट्टीसाठी अख्खं क्रोमियम ब्राउझर सोबत न्यायचं हे मला पटतही नाही. क्यूटी हे दुसरं टूलकिट, पण त्याच्या आवृत्ती ६ ला विंडोज १० लागतं. पायथनसुद्धा ३.८ च्या पुढे जाता येत नाही.

टीकिंटर (पायथनसोबतच येणारं टूलकिट) हलकं आहे, पण त्याच्या ट्रीव्ह्यू तक्त्यात सेलमध्ये थेट टाइप होत नाही. शिवाय मी घरी उबंटूवर कोड लिहितो, तिथे टीकिंटरमध्ये ‘क्विंटल’ लिहिलं की क् सुटा पडतो आणि वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते. विंडोजवर तेच नीट दिसतं. पण शेतकऱ्याचं नाव, गाव मला दोन्हीकडे नीटच दिसायला पाहिजे, पट्टी त्याच्या हातात जाते, यात तडजोड नको.

म्हणून मन पायसाइड२ वर आहे, म्हणजे पायथनमधून वापरायचं क्यूटी ५.१५. जोडाक्षरं बरोबर येतात, आणि तशाच पायक्यूटीला जीपीएल (आपला कोडही उघडा करायला लावणारं लायसन्स) नाहीतर विकतचं लायसन्स, पायसाइड एलजीपीएलमध्ये मिळतं, उद्या शेजारच्या गाळ्यांना दिलं तरी आपला कोड उघडा करावा लागत नाही.

आता खरी अडचण. मुनीमजींचा डावा हात वहीवर, उजवा नमपॅडवर, माऊसला ते हातच लावत नाहीत. आकडा टाकून एंटर मारला की पुढच्या खान्यात जायला पाहिजे, पण क्यूटीच्या क्यूटेबलविजेट तक्त्यात एंटरने सेल नुसता बंद होतो, पुढे जायला टॅब लागतो. हे डेलिगेटमधून (सेलमधलं टायपिंग सांभाळणारा भाग) करायचं की टेबलचा कीप्रेसइव्हेंट (कळ दाबल्याची सूचना) पकडायचा? शेवटच्या खान्यात एंटर मारल्यावर नवीन ओळ पण उघडायला पाहिजे. की डब्ल्यूएक्सपायथन या आणखी एका टूलकिटचं ग्रिड यासाठी बरं, कोणी रोजच्या वापरात घातलंय का?

आणि पायइन्स्टॉलरने (पायथन कोडचा थेट चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) एकच फाइल केली की दरवेळी ती आधी टेंप फोल्डरमध्ये उघडते, २ जीबीवर एका फाइलऐवजी सुट्या फाइल्सचा फोल्डरच ठेवू ना? ज्यांनी अशा जुन्या मशीनवर चालवलंय त्यांनी सांगा राजेहो.